मदत हवी आहे: कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगच्या रेडिएटरच्या पोर्टचे आटे गेलेत

प्रश्न

रेडिएटर ३६० मिमीचा, ३० मिमी जाडीचा. टोकाचे चेंबर पितळी, नळ्या आणि फिन्स तांब्याच्या. एका जी १/४ (पाव इंची आट्यांचं ठराविक माप) पोर्टमध्ये नळी जोडायची फिटिंग तिरकी चढून सुरुवातीचे दीडएक आटे चेपले गेलेत. आता फिटिंग एका बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूला कागद सरकेल एवढी फट राहते. पंप चालू केला की तिथेच थेंब धरतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून भागेल, की आटे पुन्हा पाडावे लागतील? पाडताना पितळेचा कीस आत गेला तर? दुसरा पोर्ट वापरून हा बंद करावा, असाही विचार आहे.

तांबेपितळ

टेप नको. जी १/४ चे आटे समांतर असतात, ते फिटिंगला फक्त धरून ठेवतात. पाणी अडवते ती ओ-रिंग (रबरी कडी), पोर्टच्या सपाट तोंडावर चेपली जाऊन. फिटिंग वाकडी बसली की एका बाजूला ती चेपतच नाही, मग टेप कितीही भरा. वर टेपचे तुकडे सुटून ब्लॉकच्या (चिपवर बसणाऱ्या थंडाव्याच्या ठोकळ्याच्या) बारीक खाचांत अडकतात ते वेगळंच.

पोर्ट बंद करूनही सुटका नाही. बूचही त्याच आट्यांवर बसणार आणि तसंच वाकडं बसणार.

आटे सरळ करता येतील. टॅप (आटे पाडायचं हत्यार) जी १/४ चाच हवा: इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१६ मिमी. एनपीटी (अमेरिकी आट्यांचं माप) १/४ चा टॅप दिसायला जवळचा, पण निमुळता आणि १८ आट्यांचा. तो घातला तर पोर्ट कायमचा गेला. टॅप बोथट टोकाचा घ्या, लांब निमुळत्या टोकाचा चेंबरच्या मागच्या भिंतीला टेकेल.

रेडिएटर असा धरा की पोर्टचं तोंड खाली राहील. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्यात चिकटतो. आधी टॅप हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडल्याची बारीक टिचकी जाणवली की मगच सुलटा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. जोर लागतोय असं वाटलं की थांबा, बाहेर काढा, पुसा, पुन्हा सुरू करा. इथे घाई केली तर दुसरी तिरकी चाल पडते, आणि फिटिंगचे आटे साधारण ५ मिमीच लांब असल्याने मुळात तीन-साडेतीन आट्यांचीच पकड असते. दीड गेले, उरलेले जपायलाच हवेत.

मग तोंडावर नख फिरवा. आतून बाहेर जाणारा ओरखडा लागला तर सपाट तुकड्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, पाणी लावून हलक्या हाताने घासा. ओ-रिंग नवी घाला. फिटिंग बोटांनी टेकेपर्यंत आणि वर पाव फेरा, एवढंच. पान्ह्याने आवळलं तर पोर्टची डाग देऊन (कथलाने) चेंबरला जोडलेली पितळी कॉलर फिरू शकते.

कीस काढायला रेडिएटर अर्धा भरा, हलवा, पांढऱ्या सुती कापडातून ओता. कापडावर चकाकी दिसेनाशी होईपर्यंत हेच. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं.

गळतीशोध

वरच्यात एक भर. जोडण्याआधी हवेने तपासा: बाकी पोर्ट बंद, ०.५ बार दाब, अर्धा तास. दाबमापकाचा काटा पडला तर पोर्टची बाजू पाण्यात बुडवा आणि बुडबुडे नेमके कुठून येतात ते बघा. ओ-रिंगखालून आले तर आटे किंवा तोंड अजून नीट नाही. कॉलर आणि चेंबरच्या सांध्यातून आले तर डाग सुटलाय.

तो डाग पुन्हा देता येतो, पण मी देऊ नका असंच म्हणेन. ६०/४० कथील (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि तेवढ्या उष्णतेने शेजारच्या नळ्यांचे सांधेही सैल होऊ शकतात. इपॉक्सीचा भरवसा ग्राफिक्स कार्डाच्या वर टांगलेल्या रेडिएटरला धरू नये. तशा वेळी रेडिएटर बदला.

प्रश्नकर्ता

आट्यांचा मार्ग धरतो. नळी कडक आहे, त्याने पोर्टवर ताण येईल का?

तांबेपितळ

येतो. ९० अंशांची फिरती फिटिंग लावा आणि नळी अशी कापा की न ओढता बसेल. फिटिंगमध्ये घालायला नळी बाजूला ढकलावी लागत असेल, तर माप चुकलंय, नवी कापा.