टिंटर्नचा धूर आणि वर्ड्सवर्थचे डोळे

मास्तर: कालच्या एका पोस्टमध्ये वाचलं, 'टिंटर्न ॲबी म्हणजे गरिबीवर चिकटवलेला वॉलपेपर. वर्ड्सवर्थला डोंगर दिसले, भिकारी दिसले नाहीत.' डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, इंग्रज कवी वर्ड्सवर्थच्या या कवितेच्या शीर्षकातच आहे, वेल्समधल्या टिंटर्नच्या पडक्या मठापासून (ॲबी म्हणजे मठ) काही मैल वर, जुलै १७९८. मठ दाखवायचाच नव्हता त्याला. पाच वर्षांनी तो वाय नदीकाठी परत आलाय. कडे तेच, झाडी तीच, आपण मात्र ते राहिलो नाही, हे त्याला तिथे उभं राहून कळतंय. सगळी कविता यावर उभी आहे. त्यात भिकारी मोजत बसायचं?

कावळा: मोजायचे! गिल्पिन या इंग्रज लेखकाचं वाय नदीवरचं १७८२ चं प्रवासवर्णन काढा. देखाव्याचा एवढा वेडा, की मठाच्या भिंतींची टोकं हातोड्याने थोडी फोडली तर चित्र सुधारेल म्हणतो. त्यालासुद्धा अवशेषांत राहणारे भिकारी दिसले, जवळचे लोखंडाचे कारखाने दिसले. आणि तुमच्या कवीला? झाडांतून निमूट वर जाणारा धूर.

मास्तर: पुढच्याच ओळीत रानातले बेघर भटके आहेत. सोयीस्कर गाळलेत.

कावळा: 'भटके असतील, नाहीतर गुहेतला एखादा तपस्वी', असं आहे ते. दोघांत फरकच नाही जणू!

घाटउतार: तो धूर कोळशाच्या भट्ट्यांचा, हे गिल्पिननेच लिहून ठेवलंय. आमच्याकडे रायगडात कातकरी भट्ट्या लावायचे. एसटीच्या खिडकीतून तो निळसर धूर इतका छान दिसायचा की मी शाळेच्या निबंधात घातला. बक्षीस मिळालं, कंपासपेटी. मग एकदा बाबांबरोबर पोती आणायला जवळ गेले. डोळे उघडेनात. माझ्याच वयाची पोरगी ओल्या मातीने भट्टीची भेग लिंपत होती, पापण्यांपर्यंत काळी.

मास्तर: हृद्य आहे, पण ही समीक्षा नव्हे.

घाटउतार: बरं. त्याच्या आठवणी म्हणजे काव्य, आमच्या म्हणजे रडगाणं.

चहाबाज: मुळात माणूसच दुटप्पी. १८१० पासून लेक डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्याच्या तळ्यांच्या मुलखाचं, प्रवाशांसाठी गाइड लिहिलं, आणि १८४४ ला तिथे येणाऱ्या केंडल-विंडरमिअर रेल्वेचं नाव निघताच सुनीत लिहून बोंब!

मास्तर: विषय टिंटर्न आहे.

पावसाळी: बरोबरच केलं त्याने. आमच्या धबधब्यावर रविवारी या. चिप्सची पाकिटं, फुटक्या बाटल्या, वर स्पीकर.

चहाबाज: म्हणजे बंगलेवाल्यांनी तळं बघायचं, गिरणीवाल्यांनी घरी बसायचं? कामगारांना असा देखावा पचत नाही, असाच त्याचा सूर होता.

पावसाळी: मी बंगलेवाला? भाड्याच्या खोलीत राहतो मी! आणि दर सोमवारी त्या काचा मीच वेचतो.

चहाबाज: वेचा. पण रूळ उखडायला निघू नका.

मास्तर: तपस्व्याच्या ओळीबद्दल कावळा म्हणतात त्यात तथ्य आहे. चिमूटभर. आता कृपा करून रेल्वे दुसऱ्या धाग्यावर न्या.

पावसाळी: का? काचा दिसायला नकोत म्हणून?