मदत हवी आहे: डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर, आणि आम्ही दोघेही नवखे

नमस्कार मंडळी,
मी आणि माझा मेहुणा येत्या ईस्टरला इंग्लंडमधल्या या नौकाशर्यतीत उतरतोय. १२५ मैल, त्यात ७७ ठिकाणी नाव पाण्याबाहेर काढून उचलून न्यायची, आणि आमच्या गटात हे सगळं एका दमात, रात्रभर. सासूबाईंच्या केमोच्या दिवसांत ज्या संस्थेने आम्हाला सावरलं, तिच्यासाठी निधी जमवतोय. पैशांचं बायको बघतेय, माझं रडगाणं नावेचं आहे.

वल्हवणं बऱ्यापैकी जमतंय. घोळ होतो तो लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांपाशी, उतरताना. परवा मेहुण्याचा एक पाय काठावर, एक नावेत, आणि नाव निघाली पुढे! मी हसलो, म्हणून मीही पडलो. वर ओली नाव खांद्यावर घेतली की कडा हाडात रुतते, वळ अजून आहे. तिथे काय बांधता? उतरण्याचा सराव नेमका कसा करावा?

दुसरं, अरुंद नाव वेगवान पण डगमगती. रात्री थकल्यावर ती झेपेल, की रुंद, स्थिर नावच बरी?

सगळ्यात मोठी धास्ती टेडिंग्टनची. तिथून पुढे थेम्सला भरती-ओहोटी असते, ओहोटी गाठायची तर सुटायची वेळ उलटी मोजून ठरवावी लागते. नवख्यांनी सरासरी वेग किती धरावा? थांबे आणि खाणं त्यातच मोजता का?

ज्यांनी केलीय त्यांनी स्पष्ट सांगा. 'करू नका' हे घरून रोज ऐकतोच आहे.