बँकॉकमध्ये टॅक्सी: सोबत सासू-सासरे आणि चार बॅगा, सल्ला हवा

चकलीचा_सोऱ्या
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बँकॉकला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, सासू-सासरे (दोघंही सत्तरीच्या पुढे, सासूबाईंना जिने नकोसे होतात) आणि चार मोठ्या बॅगा. मुंबईहून रात्रीचं विमान, पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरणार. हॉटेल सुखुमवितला, असोक स्टेशनजवळ.

यूट्यूबवर तिथल्या टॅक्सीवाल्यांनी गंडवल्याचे इतके व्हिडिओ पाहिलेत की सासरे म्हणतात, सगळे दिवस टूरवाल्याची गाडीच सांगा. त्याचा आकडा ऐकून मला घेरी आली. विमानतळावरून टॅक्सी सरळ मिळते का? मीटर लावतात का? शहरात फिरायला टॅक्सी बरी की ॲप? थायचा गंध नाही, इंग्रजी चालेल का? अनुभवी लोकांनी सांगा.

दौडता_दगडू
ग्रॅब (ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप) टाका मोबाइलमध्ये. विषय संपला.

सोईतला_शेजारी
विषय एवढ्यात संपत नाही हो दगडूशेठ. नोकरीनिमित्त मी इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विमानतळ. सामान घेऊन दुसऱ्या मजल्यावर बाहेर पडाल. तिथे कोट घातलेले, हातात लॅमिनेट केलेले दरपत्रक नाचवणारे लोक "टॅक्सी सर?" करत येतील. त्यांच्याकडे न बघता एक मजला खाली या. दाराबाहेर सरकारमान्य टॅक्सीची रांग असते, पाट्या इंग्रजीतही आहेत. तिथल्या यंत्राचं बटण दाबलं की चिठ्ठी येते आणि त्यावर लेनचा नंबर असतो. त्या लेनमध्ये उभी असलेली गाडी तुमची. ती चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा, चालकाने मागितली तरी देऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर गाडीचा तपशील तिच्यावर असतो. नुसती चिठ्ठी हातात दिसली तरी बरेच जण सुतासारखे सरळ वागतात.

हिशेब असा. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, मोठ्या गाडीचा ४० पासून. विमानतळावरून घेतली म्हणून वर ५० बाट, हे अधिकृत आहे, त्यावर हुज्जत नको. एक्सप्रेसवेने गेलात तर टोल तुमचा, असोकपर्यंत दोन नाक्यांचे मिळून साधारण ७५. सगळं धरून चारशे बाटच्या आसपास जावेत, ट्रॅफिक असेल तर थोडे जास्त. बाटचा रुपयांतला दर निघण्याआधी बघून घ्या. टोल नाक्यावर चालक हात मागे करेल, तेव्हा सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवायचे. तो स्वतः भरून शेवटी जोडणार असेल तर पावती बघून द्या.

आता खरी मेख. इथल्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी बसवलेली असते. आपल्याकडच्या सीएनजी गाड्यांसारखंच. उरलेल्या जागेत दोन मोठ्या बॅगा जेमतेम बसतात, तिसरी पुढच्या सीटवर जाते. चार माणसं आणि चार बॅगा साध्या टॅक्सीत मावणारच नाहीत. रांगेतच मोठी गाडी मागा, त्यांची वेगळी सोय असते. नाहीतर दोन टॅक्सी करा. दोन केल्या तरी टूरवाल्यापेक्षा स्वस्त पडेल, पण दोन्ही गाड्यांत हॉटेलचा थाय लिपीतला पत्ता हवा. हॉटेलला आत्ताच मेल टाकून मागून घ्या आणि दोन फोनवर स्क्रीनशॉट ठेवा. इंग्रजी स्पेलिंग दाखवून उपयोग नाही, बहुतेक चालकांना ते वाचता येत नाही. हॉटेलचा फोन नंबरही ठेवा. चालक स्वतः फोन लावून रस्ता विचारतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

पेठेतला_गिऱ्हाईक
शहरात हात दाखवून थांबवली तर? मागच्या वेळी एका मोठ्या मॉलबाहेर एकाने मीटरला साफ नकार दिला आणि तोंडाला येईल तो आकडा सांगितला. आपण पुण्याचे. रिक्षावाल्याशी वाद घालण्यात हयात गेली, पण भाषा येत नसेल तर वाद घालायचा कसा?

सोईतला_शेजारी
घालूच नका. इथे आवाज चढवणारा माणूसच हास्यास्पद ठरतो आणि समोरचा हसत हसत निघून जातो. दार उघडायचं, ठिकाण सांगायचं, "मीटर?" विचारायचं. मान हलली तर बसा, नाही म्हणाला तर दार हळू लावा आणि पुढची बघा. मीटर लावायचा हा नियमच आहे, पण नियम रस्त्यावर उभं राहून शिकवायची गरज नाही. दोन मिनिटांत दुसरी येते.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मॉल, मोठं हॉटेल, राजवाडा, रात्रीचे बाजार, अशा ठिकाणी जी टॅक्सी नुसती उभी असते ती पर्यटकाचीच वाट बघत असते. तिच्यापुढून शंभर पावलं चालत जा आणि धावती टॅक्सी थांबवा. पुढच्या काचेत लाल दिव्याची थाय अक्षरं पेटलेली असली की ती रिकामी. रंगाने बिचकू नका. हिरवी-पिवळी बहुधा चालकाच्या मालकीची, गुलाबी, निळी, नारिंगी वगैरे कंपन्यांच्या किंवा सहकारी संस्थांच्या. दर तोच.

आणि दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान नकार फार येतात, कारण तेव्हा पाळी बदलते. गाडी वेळेत परत नेऊन द्यायची असते, त्यामुळे उलट्या दिशेचं भाडं कोणी घेत नाही. तो माज नसतो, अडचण असते. त्या वेळात टॅक्सीच्या नादी न लागलेलं बरं.

पेठेतला_गिऱ्हाईक
म्हणजे आमच्याकडच्या दुपारी एक ते चारसारखं, फक्त वेळ वेगळी. कळलं.

एकटी_भटके
मी वेगळं सांगते. विमानतळावर टॅक्सीची रांग उत्तम, पण शहरात मला ॲप जास्त सोयीचं वाटलं. भाडं आधीच दिसतं आणि ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी वाढत नाही. मीटरच्या टॅक्सीत गाडी नुसती उभी असली तरी मिनिटामिनिटाला आकडा सरकतो आणि बँकॉकमध्ये गाडी उभी असणं हीच मूळ अवस्था आहे. असोकचा सिग्नल बघाल तेव्हा कळेल. पोलीस चौकीत बसून हाताने दिवे बदलतो म्हणतात. एका बाजूची लाल बत्ती इतकी वेळ टिकते की पुढच्या मोटारसायकलवाल्याने स्टँड लावून फोन काढलेला मी पाहिलाय.

ग्रॅबच्या चॅटमध्ये भाषांतर आपोआप होतं. चालक थायमध्ये लिहितो, आपल्याला इंग्रजीत दिसतं. मी उभी होते त्या सेव्हन-इलेव्हन दुकानाचा फोटो टाकला की प्रश्न मिटायचा. रात्री एकटी असताना प्रवासाची लिंक बहिणीला पाठवायचे. बोल्टही आहे, बहुधा थोडं स्वस्त पडतं. दोन्ही टाकून ठेवा आणि भाडं ताडून बघा. पावसात आणि संध्याकाळी ऑफिस सुटताना दोन्हीकडे दर चढतात, तेव्हा मीटरची टॅक्सी स्वस्त पडू शकते.

ॲप इथूनच सुरू करून जा हं. नोंदणीचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. तिथे पोचून सिम बदललंत की बसा बोंबलत. कार्ड जोडायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आधी चालू करा, नाहीतर रोख द्या. ग्रॅबला रोख चालते.

सोईतला_शेजारी
ताईंचं ट्रॅफिकबद्दलचं बरोबर. त्यात एक भर: सुखुमवित हा लांबलचक दुभाजकाचा रस्ता, डोक्यावरून स्कायट्रेन. चुकीच्या बाजूने गाडी बोलावलीत तर तिला पार पुढे जाऊन वळून यावं लागतं आणि तेवढ्यात वीस मिनिटं जातात. विषम आकड्यांच्या गल्ल्या उत्तरेला, सम दक्षिणेला. इथे गल्लीला सोई म्हणतात. जायचंय त्याच दिशेच्या बाजूला आधी पादचारी पुलावरून या आणि मग गाडी मागवा.

चकलीचा_सोऱ्या
किती छान माहिती देताय सगळे! सासऱ्यांना वाचून दाखवलं, टूरवाला निम्मा बाद झालाय. आता दुसरा घोळ. एक दिवस राजवाडा आणि वात फो, वात अरुण ही दोन देवळं करायची आहेत. असोकहून टॅक्सीने किती वेळ? आणि टुकटुकमध्ये बसायची सासूबाईंची फार हौस आहे.

दौडता_दगडू
टुकटुक म्हणजे आपली रिक्षा. तिला मीटर नसतो आणि भाडं तोंडाकडे बघून ठरतं.

सोईतला_शेजारी
राजवाड्याला सकाळी टॅक्सीने जाऊच नका. तास-दीड तास सहज मोडेल आणि आई-बाबा पोचेपर्यंत दमलेले असतील. असोकच्या खालीच सुखुमवित नावाचं मेट्रो स्टेशन आहे. तिथून निळ्या मार्गाने गाडी न बदलता सनाम चाय. हे स्टेशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्याआधी त्या भागात मेट्रो नव्हतीच, म्हणून जुने ब्लॉग अजून टॅक्सीच सुचवतात. लिफ्ट आहे, एसी आहे, आणि स्टेशनच राजवाड्यासारखं सजवलंय, सासूबाई तिथेच फोटो काढायला थांबतील. बाहेर पडलं की वात फो अगदी जवळ. राजवाडा तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत. तेवढंही उन्हात नको वाटलं तर तेवढ्यापुरती टॅक्सी करा. वात अरुण नदीपलीकडे, ता तियन धक्क्यावरून होडीने पाच मिनिटांत.

परत येताना टॅक्सी करणार असाल तर तीनच्या आत निघा किंवा पुन्हा मेट्रोच धरा.

आता टुकटुक. बसा, मजा आहे, पण संध्याकाळी, जवळच्या अंतरासाठी आणि भाडं आधी ठरवून. राजवाड्याच्या भिंतीबाहेर मात्र कुठल्याही टुकटुकमध्ये बसू नका. तिथे एक सभ्य दिसणारा माणूस येतो, छान इंग्रजी बोलतो आणि सांगतो, "आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारनंतर उघडेल, तोवर वीस बाटमध्ये मोठा बुद्ध दाखवतो." त्या वीस बाटच्या फेरीत मध्येच एक रत्नांचं दुकान आणि एक शिंप्याचं दुकान लागतं. चालकाचं कमिशन तिथे असतं. राजवाडा साधारण रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट खिडकी साडेतीनपर्यंत. बंद आहे की नाही ते दारातल्या पहारेकऱ्याला विचारा, रस्त्यावरच्या भल्या माणसाला नाही.

एकटी_भटके
हा "भला माणूस" मलाही भेटला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात नकाशा. नंतर दुसऱ्या दरवाजापाशी दुसऱ्याला तेच सांगत होता, शब्दही तेच.

नारिंगी जॅकेटवाल्या मोटारसायकल टॅक्सीबद्दल कोणी लिहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा थांबा असतो आणि दरपत्रकाचा फलक लावलेला असतो. हॉटेल गल्लीत खूप आत असेल आणि तुम्ही दोघंच असाल तर फार कामाचं. हेल्मेट मागून घ्या. आई-बाबांना अर्थातच नको.

पेठेतला_गिऱ्हाईक
सुट्ट्या पैशांचं कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. एटीएममधून हजाराच्या नोटा येतात. त्या टॅक्सीत काढल्या की चालकाकडे सुटे कधीच नसतात. हे जगभर सारखंच. उतरल्याबरोबर विमानतळावरच्याच सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन नोट मोडायची. वीस आणि शंभरच्या नोटा वेगळ्या कप्प्यात. भाडं १८३ झालं तर तिथली पद्धत १९० किंवा २०० द्यायची आहे, हे आपल्याला जड जातं खरं.

चकलीचा_सोऱ्या
हाहा, सासरे लगेच म्हणाले, सात बाट सोडायचे कशाला. शेवटचा प्रश्न: गाडीत काही राहिलं किंवा खरंच कोणी त्रास दिला तर?

सोईतला_शेजारी
टॅक्सीच्या तक्रारीसाठी १५८४, हा भूपरिवहन खात्याचा नंबर. पर्यटक पोलीस ११५५, तिथे इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. दोन्हीकडे पहिला प्रश्न गाडीचा नंबर हाच असतो. तो दारावर बाहेरून लिहिलेला असतो आणि बऱ्याच टॅक्सींत मागच्या दाराच्या आतल्या बाजूलाही पिवळ्या पट्टीवर असतो. बसल्या बसल्या फोटो काढून ठेवा. चालक बघतोय म्हणून संकोच नको, त्याला सवय आहे.

उतरताना फूटपाथच्या बाजूनेच उतरा. इथेही वाहनं डावीकडूनच चालतात, म्हणजे डावं दार. उजवं दार उघडलं की गाड्यांच्या फटीतून मोटारसायकल सुसाट येते. सासूबाईंना डावीकडे बसवा.