'कास्टलेस'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (2009) या व्हिडिओ गेममधल्या ऑरझॅमरबद्दल मराठीत लिहितोय. ही जमिनीखालची बुटक्यांची नगरी. उमराव, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी, नोकर अशी उतरंड. मुलाला बापाची जात, मुलीला आईची. या सगळ्यांच्या बाहेर 'कास्टलेस'. त्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच खूण गोंदतात, योद्ध्यांच्या आखाड्यात उतरणं त्यांच्यासाठी गुन्हा. 'जातिहीन' लिहिलं तर त्यातला 'हीन' खटकतो. 'अजात' चालेल का?

प्रतिसाद 1 : 'अजात' कृपा करून नको. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ दस्तगीरच्या गणपती महाराजांच्या अनुयायांनी जात टाकून दिली आणि स्वतःला 'अजात' म्हणवलं. तो त्यांनी आपणहून घेतलेला शब्द आहे. पुढच्या पिढ्यांना दाखल्यांसाठी त्याचा त्रासही सोसावा लागला. ऑरझॅमरच्या 'कास्टलेस'नी काही टाकलेलं नाही, त्यांना कधी काही दिलंच नाही. शिवाय 'अजात' म्हणजे न जन्मलेला असाही अर्थ आहे, 'अजातशत्रू'मधला.

प्रतिसाद 2 : मग 'वाळीत टाकलेले'?

प्रतिसाद 1 : वाळीत टाकायला माणूस आधी जातीत असावा लागतो. जातपंचायत आपल्याच माणसाचं रोटी-बेटी, येणं-जाणं तोडते. ऑरझॅमरमध्ये हा शब्द चपखल बसतो तो नगरी सोडून वर, उजेडात राहायला गेलेल्यांना. त्यांची जात जाते, नोंदींतून नाव जातं. समुद्र ओलांडला म्हणून जात गेली, प्रायश्चित्त घ्या, हे आपल्याकडेही पूर्वी होतंच की. 'कास्टलेस' आणि वर गेलेले, या दोघांना एकच शब्द वापरला तर त्या समाजाची अर्धी क्रूरता वाचकापर्यंत पोचणारच नाही.

प्रतिसाद 3 : माझं मत : निवेदनात साधं 'जातीबाहेरचे' आणि उमरावांच्या तोंडी 'डागलेले'. गुरांना डाग देतात तो डाग. बोलणाऱ्याची नजर त्या एका शब्दात दिसते.

प्रश्नकर्ता : 'डागलेले' घेतला! उमरावांच्या 'हाउस'ला कुळ म्हणू की घराणं?

प्रतिसाद 3 : घराणं. 'कूळ' म्हटलं की गावाकडच्या वाचकाला आधी कूळ कायदा आठवतो. आणि तिथली घराणी सत्तेसाठी भांडतात, एकाच घरातले भाऊ एकमेकांच्या जिवावर उठतात. 'राजघराणं'मधला तो सत्तेचा वास 'कुळा'ला नाही. भाऊबंदकी मात्र जरूर वापरा, राजपुत्रांच्या प्रसंगाला त्याहून नेमका शब्द नाही.

प्रतिसाद 2 : 'पॅरागॉन' राहिलाच. असामान्य कामगिरीमुळे उमरावांची सभा ज्याला हा मान देते त्याच्यापासून नवं उमराव घराणं सुरू होतं, खालच्या जातीतला असला तरी. म्हणजे आपला 'मूळपुरुष'.

प्रतिसाद 1 : शब्द उत्तम, पण गेममधली पॅरागॉन ब्रांका बाई आहे, लोहार जातीतली. तिला मूळपुरुष कसं म्हणणार? 'जिवंत पूर्वज' करा. तिथले लोक पॅरागॉनला पूर्वजांच्याच पंगतीत बसवतात, आणि ब्रांकालाही ते चालून जाईल.