'सांता मारिया मानुएला': खारवलेला कॉड गेला, प्रवासी आले, मग वजनाचं काय?

उंडील (प्रश्न)

पोर्तुगालची 'सांता मारिया मानुएला' आणि 'क्रेओला' ही चार डोलकाठ्यांची जुळी जहाजं. लिस्बनच्या एकाच गोदीत कामाच्या ६२ दिवसांत बांधून झाली आणि १० मे १९३७ ला एकाच दिवशी पाण्यात उतरली. काम एकच: न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडच्या बाजूला जाऊन कॉड मासा मारायचा आणि खारवून आणायचा. पुढे दोन्ही जहाजं शिडावर माणसं नेऊ लागली.

यावर जे वाचायला मिळतं ते सगळं शिडं, डोलकाठ्या आणि लाकडी डेकबद्दल. मला अडतंय ते खालच्या खणाशी. तिथे शेकडो टन मीठ आणि मासा असायचा. आता पन्नासेक माणसं. सामानासकट माणशी १०० किलो धरले तरी ५ टन होतात! एवढं हलकं झालेलं जहाज वर चार डोलकाठ्या घेऊन उभं कसं राहतं? आणि जुळ्यांपैकी एक धडधाकट राहिलं, दुसऱ्याचा नुसता सांगाडा उरला, ते कशाने?

निरम (उत्तर)

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. या जहाजाचं निरम (तोल राहावा म्हणून तळाशी ठेवायचं वजन) म्हणजे त्याचा मालच होता. जाताना खणात मीठ. बँकांवर, म्हणजे समुद्रातल्या उथळ मासेमारीच्या जागांवर, पोचलं की डोऱ्या, म्हणजे एकेका माणसाच्या सपाट तळाच्या होड्या, पाण्यात सोडायच्या. संध्याकाळी आलेला मासा डोकं उडवून, चिरून, थरावर थर मिठात. मीठ कमी होत जायचं तसा मासा वाढत जायचा, त्यामुळे खण रिकामा असा कधी नसायचाच. आकार आखणाऱ्याने हे गृहीत धरूनच जहाज खोल ठेवलं होतं.

माल काढला की दोन गोष्टी होतात. जहाज वर तरंगतं, आणि गुरुत्वमध्यही वर सरकतो. डेकवर भांड्यांसारख्या एकात एक रचलेल्या डोऱ्या गेल्या हा थोडा फायदा. पण त्यांच्या जागी केबिन, स्वयंपाकघर, जनरेटर, वातानुकूलन येतं, आणि यातलं बरंचसं तळाच्या वरच बसतं. म्हणून कायमचं निरम घालावंच लागतं.

किती, ते अंदाजाने ठरवत नाहीत, तिरपं करून मोजतात. शांत पाण्यात दोर सैल सोडून, टाक्या एकतर काठोकाठ नाहीतर पूर्ण कोरड्या ठेवून, ठरावीक वजन डेकवर एका कडेकडून दुसऱ्या कडेला न्यायचं आणि आत टांगलेल्या ओळंब्याचं विचलन वाचायचं. समजण्यापुरते आकडे: विस्थापन (म्हणजे जहाजाचं एकूण वजन) १२०० टन, ४ टन वजन ८ मीटर सरकवलं, ओळंबा ४ मीटर लांब आणि १२ सेंटिमीटर हलला. मग (४ × ८) ÷ (१२०० × ०.०३) म्हणजे सुमारे ०.८९ मीटर मेटासेंट्रिक उंची, म्हणजे झुकलेलं जहाज किती जोरात सरळ होतं त्याचं माप. ओळंब्याचं टोक तेलाच्या बादलीत बुडवून ठेवतात, नाहीतर ते थांबतच नाही आणि वाचन निरुपयोगी ठरतं.

निरम जास्त झालं तर? जहाज ताठ होतं. प्रत्येक लाटेला झटका देऊन सरळ होतं, आणि तो झटका डोलकाठ्यांच्या ताणदोरांना आणि प्रवाशांच्या पोटाला बसतो. 'जितकं जास्त तितकं सुरक्षित' हा समज इथे नडतो.

आणखी एक: हिशोब नुसता निघतानाच्या स्थितीत नाही, परत येतानाच्या स्थितीतही करायचा. इंधन आणि पाणी १० टक्के उरलंय असं धरून. हे वजन तळातलं असतं, ते संपतं तेव्हाच जहाज सर्वांत नाजूक असतं. ५० माणसांना रोज १०० लिटर धरलं तर दिवसाला ५ टन गोडं पाणी लागतं, म्हणून समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारं यंत्र ही चैन नव्हे.

रिवेटवाला

सांगाड्याबद्दल. 'क्रेओला' १९७९ मध्ये मासेमारीचं संग्रहालय करायला घेतली होती. कोरड्या गोदीत तपासणी झाली तेव्हा पत्रा उत्तम निघाला, म्हणून ती तरंगतीच ठेवायचं ठरलं, आणि १९८७ मध्ये ती नौदलाकडे गेली. 'सांता मारिया मानुएला' १९९३ पर्यंत कामात होती, मग मोडीत निघाली. वाचली ती फक्त कवच म्हणून. २००७ मध्ये मासळीच्या धंद्यातल्याच पास्कोआल कंपनीने ती घेतली आणि २०१० मध्ये ती पुन्हा शिडावर आली.

अशा कवचात काय बघायचं? पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने, चौकटींच्या (जहाजाच्या फासळ्यांच्या) मधल्या प्रत्येक पट्ट्यात अनेक बिंदूंवर. मूळ जाडीच्या साधारण पाव भाग गेला की तो पत्रा कापून नवा. वरून ठिगळ मारून वेळ निभते, कायमची मान्यता मिळत नाही. मीठ वाहिलेल्या जहाजात पाण्याखालचा बाहेरचा पत्रा बरेचदा बरा असतो. सडतं ते आतून: खणाच्या फळ्यांमागे, चौकटींच्या बुंध्याशी, जिथे खारं पाणी साचून राहतं.

जुन्या रिवेटच्या (पत्रे ठोकून जोडणाऱ्या खिळ्यांच्या) जहाजात वेल्डिंगची वेगळीच डोकेदुखी. नव्या पत्र्याचा जोड तापला की शेजारचे रिवेट सैल होतात. हातोडीने ठोकून बघा, घट्ट रिवेट खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द बोलतो. जोड रिवेटच्या रांगेपासून लांब घ्या, नाहीतर ती सगळी रांग नवी करा.

आणि कृपया तळात काँक्रीट ओतू नका. स्वस्त पडतं, पण खालचा पत्रा पुन्हा दिसत नाही आणि पाणी त्याच्या कडेने आत जातं. लोखंडाचे किंवा शिशाचे ठोकळे घ्या, उचलता येतील इतपत, आणि वरून पट्ट्या मारून जखडा. तिरप्या जहाजात सुटलेला ठोकळा तोफगोळाच.

उंडील

दोघांचे आभार. उपप्रश्न: मग युरोपात दीपनौकांची (दीपगृहासारखा दिवा घेऊन नांगरून ठेवलेल्या जहाजांची) एवढी शिडाची जहाजं कशी झाली? त्यांच्यात तर माल नव्हताच.

निरम

म्हणूनच झाली. 'युरोपा' बघा: १९११ ला हांबुर्गच्या श्ट्युल्केन गोदीत बांधलेली दीपनौका, १९७७ पर्यंत एल्ब नदीवर, १९९४ पासून तीन डोलकाठ्यांची बार्क. दिवा उंचावर आणि जहाज वादळात नांगरावर, त्यामुळे वजन मुळातच तळाशी. फरक शिडांत आहे. 'युरोपा'च्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर परबाणं (शिडाच्या दांड्या) आडवी, त्यांवर चढायला माणसं लागतात. आपल्या गोव्यात बांधलेली 'तरंगिणी' त्याच जातीची, पण ती पहिल्यापासूनच प्रशिक्षणासाठी. 'सांता मारिया मानुएला'ची शिडं स्कूनरसारखी कण्याच्या रेषेत, म्हणजे जहाजाच्या लांबीला धरून, बहुतेक काम डेकवरूनच. मासे मारायला माणसं मोकळी हवीत म्हणून ती पद्धत होती, प्रवासी जहाजाला ती आयतीच मिळाली.

जाळीदार

एक राहिलं: हॅच, म्हणजे डेकमधलं खणाचं तोंड. मालाच्या जहाजाचं तोंड मोठं असतं आणि खाली एकच लांब खण. १९१७ ची स्पॅनिश मालवाहू 'मार्केस' पुढे बार्क म्हणून सजवली होती. ३ जून १९८४ ला बर्म्युडाजवळ अचानक आलेल्या वाऱ्याच्या तडाख्याने ती आडवी झाली, पाणी आत शिरलं आणि मिनिटभरात बुडाली. २८ पैकी १९ गेले. शिडांचा आराखडा बदलला की झुकण्याचा सगळा हिशोब नव्याने करावा लागतो, आणि आडवं झाल्यावर पाणी कुठल्या भोकातून आधी शिरेल तो कोन सगळ्यांत आधी काढायचा असतो.

म्हणून मोठं हॅच बुजवून मध्यरेषेवर अरुंद जिना करतात, उंबरठा उंच ठेवतात. खणात जलरोधक आडभिंती उभ्या करतात, आणि प्रत्येक कप्प्यातून बाहेर पडायला दोन वाटा. नेमकं इथेच आराखड्याचं गणित बिघडतं: भिंत केबिनच्या मधोमध येते, मालक दार मागतो, आणि त्या दाराला जलरोधक झडप लागते.

१२ पेक्षा जास्त प्रवासी झाले की आंतरराष्ट्रीय नियमांत ते प्रवासी जहाज. बरेच जण 'विशेष कामाचं जहाज' या वर्गात जातात, तिथे पैसे भरून आलेला माणूस प्रशिक्षणार्थी. त्याला दोर ओढायला लावतात ते निव्वळ हौसेपोटी नाही.