मदत हवी आहे: चिऱ्याच्या घरात जुन्या केबल टीव्हीच्या तारेतून इंटरनेट माडीवर नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

आमचं घर फोंडा तालुक्यात, सावई-वेऱ्याला. पुढे सोपा, मधे राजांगण (आतलं मोकळं अंगण), पलीकडे जेवणघर आणि त्यावर माडी. मागे कुळागर. सगळ्या भिंती चिऱ्याच्या, राजांगणाभोवतीच्या तर हातभर जाड. २०२१ साली फायबर घेतलं तेव्हा खांबावरून तार सहज पोचत होती म्हणून राउटरचा डबा सोप्यात, पुढच्या खिडकीशी बसवला. मी संध्याकाळी माडीवर बसून दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. खाली घरातली वर्दळ असते, त्यामुळे जागा बदलणं शक्य नाही.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. सोप्यात १९० मिळतात. माडीवर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, २.४ वर चार-पाच एमबीपीएस, आणि पाऊस लागला की दोन. चिऱ्यात लोह भरपूर, शिवाय तो सच्छिद्र, पावसाळाभर पाणी धरून ठेवतो. अशा दोन भिंती पार करायला वायफायला सांगणं म्हणजे अन्यायच आहे. गेल्या आठवड्यात स्पर्शिका-त्रिज्येचं प्रमेय सांगत होते. आकृती काढून झाली, सिद्धता अर्ध्यावर आली आणि मुलांचे संदेश यायला लागले, ‘टीचर, आवाज येत नाही.’ पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पुन्हा तुटलं. परीक्षेच्या वर्षात मुलांचा असा वेळ जातो याचं मला फार वाईट वाटतं.

काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तेच सल्ले परत यायला नकोत. राजांगणात वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर लावला. वेग १८ पर्यंत गेला, पण बोलण्यात अडखळ तशीच राहिली. मेशचे (घरभर ठेवून एकमेकांकडे वायफाय पोचवणारे) डबे शेजाऱ्यांकडून दोन दिवस आणून बघितले. त्यांनाही आपापसात त्याच भिंतीतून बोलायचं असतं, त्यामुळे फरक थोडा पडला. कॅट ६ ही नेटवर्कची तार ओढायला इलेक्ट्रिशियन आला होता. त्याने पाइपात स्प्रिंग घातली, ती राजांगणाच्या कोपऱ्यावर अडकली. आतल्या जुन्या तारेला बांधून ओढायला गेला तर तीही बोटभर हलेना. बहुधा वाकणावर सिमेंट उतरलं आहे. घराबाहेरून कौलांखालून तार नेली तर वानर ठेवणार नाहीत, डिशची तार त्यांनी दोनदा तोडली आहे. आणि भिंत फोडायची माझी तयारी नाही. सासऱ्यांनी हे घर फार मायेने उभं केलं.

आता मुद्दा. पाइपात अडकलेली तीच तार केबल टीव्हीची आहे. १९९९ साली मागची बाजू नव्याने बांधली तेव्हा सासऱ्यांनी सोपा, जेवणघर आणि माडी अशा तीन जागी टीव्हीचे पॉइंट काढून घेतले होते. सोप्यातला आणि माडीवरचा पॉइंट कित्येक वर्षं बंद आहे. अमेरिकेत अशाच तारेवर ‘मोका’ नावाचे ॲडॅप्टर लावून घरभर इंटरनेट नेतात असं वाचलं. माझे दीर तिकडे असतात, चवथीला येणार आहेत. जोडी आणायला सांगता येईल, पण चालली नाही तर परत करणं अवघड. म्हणून विचारते:

पंचवीस वर्षं जुनी तार चालेल का? तिच्यात दोष आहे की नाही हे मला घरच्या घरी कसं कळेल? आणि घरात डीटीएच आहे, त्याची अडचण येईल का?

तारेवर आरजी ६ आणि ७५ ओहम असं छापलेलं आहे. लांबी अंदाजे ३५ मीटर.

प्रतिसाद, मडगावहून

ताई, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न सगळ्यात आधी घेतो, कारण तिथेच माणसं फसतात.

मोका ज्या पट्ट्यात चालतं तो साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झचा. आपल्याकडची केबल टीव्ही त्याच्या खाली संपते, त्यामुळे त्या दोघांचं एका तारेवर जमतं. डीटीएचचं जमत नाही. छत्रीवरून, म्हणजे डिशवरून, खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे मोकाचा पट्टा पुरता त्याच्या पोटात. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्याच तारेतून छत्रीकडे १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. ते ॲडॅप्टरमध्ये शिरले तर ॲडॅप्टर जाऊ शकतो. तेव्हा छत्रीची तार कुठून कुठे जाते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरेदी करू नका.

तार जुनी आहे म्हणून घाबरू नका. आरजी ६ भिंतीत कोरडी राहिली असेल तर २५ वर्षं काही फार नाहीत. तार खराब होते ती टोकांना. आपल्याकडची खारी, दमट हवा पिनेतून आत शिरते. टोक कापून बघा. बाहेरची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर पांढरी भुकटी दिसेल, मधल्या गाभ्यावर हिरवट थर असेल. चकचकीत धातू लागेपर्यंत मागे कापत जा. गाभ्याला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. ते चालतं. इतक्या वरच्या वारंवारतेला वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, १००० मेगाहर्ट्झला तांब्यात जेमतेम २ मायक्रोमीटर खोलीपर्यंत.

मग मल्टिमीटर घ्या. दोन्ही टोकं मोकळी ठेवून गाभा आणि जाळी यांच्यामध्ये मोजा, काहीही जोड दिसता कामा नये. नंतर माडीवरच्या टोकाला गाभा जाळीला टेकवा आणि सोप्यातून मोजा. पोलादी गाभ्याच्या ३५ मीटरला चार-पाच ओहमच्या आसपास यायला हवं. पण छत्री आणि बॉक्स जोडलेले असताना मीटर लावू नका.

आणि तिन्ही तारा कुठे एकत्र येतात ते शोधा. १९९९ सालचं काम म्हणजे मधे स्प्लिटर, एका तारेच्या दोन-तीन तारा करणारा जोड, असणारच.

प्रतिसाद, पणजीहून

मी असतो तर फायबरच पुढे नेला असता. बारीक फायबर बाहेरून घेऊन दोन्ही टोकांना फायबर आणि साध्या नेटवर्क तारेची सांगड घालणारे मीडिया कन्व्हर्टर लावायचे, वेगाची चिंता कायमची मिटते आणि काचेतून वीज वाहत नाही. एवढंच, की आधारासाठी पोलादी तार असलेला फायबर घेऊ नका, तिच्यातून वीज वाहते. वानरांसाठी मात्र पीव्हीसी पाइप घालावा लागेल.

सीसीटीव्हीवाल्यांकडे कोॲक्सवरून, म्हणजे तुमच्यासारख्याच टीव्हीच्या तारेवरून, नेटवर्क नेणारे स्वस्त डबे मिळतात, त्यांच्या मोहात पडू नका. बहुतेकांची मर्यादा १०० एमबीपीएस असते, तेही कागदावर.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फायबरची सूचना लिहून ठेवली आहे, हे जमलं नाही तर तेच करीन.

काल मुलाला घेऊन माळ्यावर चढले. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, मल्टिमीटर त्याचंच. जेवणघराच्या वर, वाशांना खिळ्याने ठोकलेला एक पत्र्याचा डबा सापडला. कोळिष्टकं काढल्यावर आत जे दिसलं ते असं:

खांबावरून आलेली जुनी केबल टीव्हीची तार एका बूस्टरमध्ये जाते. बूस्टरला वीज कधीच नाही. बूस्टरमधून एक तार स्प्लिटरला. स्प्लिटरवर ५ ते ८६२ मेगाहर्ट्झ असं कोरलंय. त्यावर दोन तारा, सोप्याची आणि माडीची. जेवणघराची तार स्प्लिटरवर नाहीच. ती डीटीएचवाल्याने काढून थेट छत्रीच्या तारेला जोडून दिली आहे. सासूबाई ज्या टीव्हीवर मालिका बघतात तो त्यावर चालतो.

माडीची तार काढून मोजली. मोकळी असताना काहीच नाही, पलीकडे टेकवल्यावर ३.१ ओहम. सोप्याची १.८. दोन्हींना चुंबक चिकटलं. सोप्याकडची पिन हातात घेतली तर तिचा निम्मा भाग भुकटीच झाला होता. एक वीत तार कापल्यावर चकाकी दिसली.

आता स्प्लिटर नवा घ्यायचा का? आणि खांबावरच्या तारेचं काय करू?

प्रतिसाद, मडगावहून

दोन्हींची बेरीज ४.९. उत्तम. तार निरोगी आहे, दिरांना जोडी आणायला सांगा. मोका २.५ लिहिलेली घ्या. दोन टोकांपुरती ती तुमच्या २०० च्या प्लॅनला कितीतरी पुरून उरेल. त्यांना एवढं सांगा की विजेच्या डबीवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असलं पाहिजे. फक्त १२० लिहिलेली असेल तर इथे लावल्यावर जळेल.

स्प्लिटर घेऊच नका. तुम्हाला दोनच टोकं जोडायची आहेत. सोप्याची आणि माडीची तार बॅरल जॉइंटरने थेट एकमेकींना जोडा. स्प्लिटरमध्ये विनाकारण ३.५ डेसिबल जातात, आणि तुमचा तर ८६२ पर्यंतचाच आहे. बूस्टरमधून मोका जाणारच नाही, तो एकाच दिशेचा रस्ता आहे आणि मोकाला जा-ये दोन्ही लागते. बूस्टरही काढून टाका.

खांबावरची तार तर आधी सोडवा. ती जोडलेली राहिली तर तुमचं नेटवर्क खांबापर्यंत उघडं राहतं. अमेरिकेत यासाठी घराच्या तोंडाशी फिल्टर बसवतात, कारण तिथे ती तार वापरात असते. तुमची मेलेली आहे. बाहेरच्या बाजूने कापून टाका.

पिना बसवताना पिळून लावायच्या घेऊ नका, दाबून बसणाऱ्या कम्प्रेशनच्या घ्या. अवजार डीटीएच लावणाऱ्यांकडे असतं. जाळीचा एकही केस गाभ्याला शिवता कामा नये, आणि गाभा पिनेच्या तोंडाबाहेर फार तर ३ मिलिमीटर.

धागाकर्ती, चवथीनंतर

उशीर झाला, माफ करा. चवथीचे दिवस, माटोळी, पाहुणे, आणि मग मुलांच्या चाचण्या.

जोडी आली. विजेची डबी १०० ते २४० ची निघाली, फक्त चपट्या पिनेला इथलं प्लग-जोड लागलं. बूस्टर आणि स्प्लिटर काढले, खांबावरची तार मुलाने कौलांपाशी कापली, दोन तारा जॉइंटरने जोडल्या. एक ॲडॅप्टर सोप्यात राउटरला, दुसरा माडीवर.

पहिल्यांदा कोॲक्सचा दिवा लागलाच नाही. तासभर जीव खाली-वर झाला. शेवटी माळ्यावरची पिन उघडून टॉर्चच्या उजेडात बघितली, तर जाळीचा एक केस, खरंच केसाएवढा, गाभ्याला टेकला होता. तुम्ही लिहिलं होतं तेच. पिन कापून नवी बसवली. माडीवरून मुलाची हाक आली, ‘आई, लागला!’

आता माडीवर १८६ एमबीपीएस मिळतात. राउटरपर्यंतचा पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) ४ मिलिसेकंदांच्या आसपास असतो. माडीवर वायफायसाठी जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून लावला आहे. काल सव्वा तासाचा वर्ग झाला, मधे पाऊस कोसळत होता, एकाही मुलाने ‘आवाज येत नाही’ लिहिलं नाही. स्पर्शिकेचं ते प्रमेय पुन्हा घेतलं, या वेळी एका दमात.

एकच काळजी राहिली आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो. दोन वर्षांपूर्वी छत्रीवाटे आलेल्या विजेने सेट-टॉप बॉक्स गेला होता. ही तार आता बाहेर कुठेच जात नाही, तरी भीती आहे का?

प्रतिसाद, मडगावहून

ताई, वाचून फार बरं वाटलं.

खांबावरची तार कापली तेव्हाच मोठा धोका गेला. राहिलेला असा: जवळ वीज पडली तर भिंतीतल्या लांब तारेतही झटका निर्माण होतो, आणि सोप्यातला नि माडीवरचा प्लग वेगवेगळ्या वायरिंगवर असतील तर तो दोन ॲडॅप्टरमधून वाट काढतो. घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्या, छत्रीच्या खांबालाही अर्थ द्या. आणि वादळाची चिन्हं दिसली की, गडगडाट ऐकू यायच्या आधीच, वर्ग थांबवून दोन्हीकडचे प्लग काढा, माडीवरची कोॲक्सची पिनही सोडवा. एकदा गडगडाट सुरू झाला की त्या तारेला हात लावायचा नाही.

माळ्यावर छत्रीची तार आणि तुमची तार शेजारी-शेजारी आहेत. उद्या कोणी डीटीएच दुरुस्तीला आला आणि त्याने चुकून अदलाबदल केली तर १८ व्होल्ट थेट ॲडॅप्टरमध्ये.

धागाकर्ती

आजच माळ्यावर जाऊन आले. छत्रीच्या तारेला लाल चिकटपट्टी आणि ‘डिश, जेवणघर’ अशी चिठ्ठी, आमच्या तारेला पांढरी आणि त्यावर ‘इंटरनेट, सोडवू नये’. डब्याच्या झाकणाच्या आतून तिन्ही खोल्यांची आकृती काढून चिकटवली आहे. अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय.