काडीपैलवानाने थेट जिममध्ये जावं की आधी घरी अंग कमवावं?

सेकंड_शिफ्ट
वय २३, उंची ५ फूट ९ इंच, वजन ५१ किलो. राहायला नाशिकला, इंदिरानगर, अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, शिफ्ट फिरती. घड्याळाच्या पट्ट्याला शेवटच्या भोकापुढे सुई तापवून आणखी एक भोक पाडलंय, यावरून काय ते समजा. मे महिन्यात पण फुल शर्ट घालतो. लग्नकार्यात एक तरी मावशी विचारतेच, "अरे, खाल्लेलं जातं कुठे?"

माझं मत असं की आमच्यासारख्या पाप्याच्या पितरांनी थेट जिममध्ये जाऊ नये. आधी घरी तीन महिने जोर-बैठका काढाव्यात, खावं, वजन ५५-५६ पर्यंत न्यावं आणि मग पावती फाडावी.

कारण सांगतो. मी उलटं केलं. वर्षाचे पैसे भरले आणि चार दिवस गेलो. चौथ्या दिवशी बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून बार वर ढकलतात तिथे) कुणीतरी बारवर प्लेटा तशाच टाकून गेलेला, दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोच्या दोन दोन. मला रिकामा बार हवा होता, म्हणून डावीकडच्या दोन्ही काढल्या. तिसऱ्या सेकंदाला बार उजवीकडे कलला आणि प्लेटांसकट जमिनीवर. गाणी चालू असूनही सगळी जिम वळून बघायला लागली. ट्रेनर आला, हसला आणि म्हणाला, "भाऊ, तुझ्या बॉडीला पीटी आणि गेनरशिवाय पर्याय नाही." (पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, गेनर म्हणजे वजन वाढवायची पावडर.) पाचव्या दिवशी गेलो नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

तुम्हाला काय वाटतं?

बारखाली
म्हणजे आधी घरी दाढी करून मग न्हाव्याकडे जाणार.

बारचं ऐक. रिकामा बार २० किलोचा असतो. एका बाजूला ४० किलो ठेवून दुसरी मोकळी केलीस तर तो पलटी खाणारच. डावीकडची एक, मग उजवीकडची एक, असं आळीपाळीने काढायचं. तुझ्या जागी ८० किलोचा गडी असता तरी बार पडला असता. हे तुला पहिल्या दिवशी सांगणं त्या ट्रेनरचं काम होतं, आणि प्लेटा जागेवर ठेवणं आधीच्याचं. दोघांनी आपलं काम केलं नाही आणि घरी बसलास तू.

घरचे तीन महिने कुणाचे पूर्ण झालेत ते दाखव. माझे स्वतःचे नऊ दिवस झाले होते, त्यातले दोन पाहुणे आले म्हणून बुडाले.

लालमाती
धागाकर्त्याशी सहमत, फक्त "घरी" या शब्दाला हरकत आहे. घरी नाही, तालमीत.

माझं वय ५८. पंचवटीत वाढलो, सोळाव्या वर्षी वस्तादांच्या हाताखाली गेलो तेव्हा मीही काडीच होतो. पहिले दोन महिने जोर, बैठका आणि हौद्यातली माती खणणं, एवढंच. कुस्ती नाही. खांदे त्या खोऱ्याने भरले. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात. म्हणजे तुझ्यापेक्षा सहा किलो जास्त, बस्स.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायची गरजच नसावी. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांना मल्लखांब सुचला तो वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या दारात, असं जुने लोक सांगतात. मल्लखांबावरची पोरं बघ. एकही जाडजूड नसतो, पण पकड अशी की मनगट धरलं तर सुटणार नाही.

तालमीत महिन्याची फी विचारायची पण लाज वाटेल इतकी कमी असते.

बारखाली
काका, आदर आहे, पण एक विचारतो. जो मुलगा मे महिन्यात फुल शर्ट घालतो, तो लंगोटावर वीस जणांसमोर उभा राहणार का?

लालमाती
पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून अंगाला माती असते, कोण कुठला तेच ओळखू येत नाही. तुमच्याकडे चारी भिंतींना आरसे. माणूस व्यायाम करतो की स्वतःला बघत बसतो?

पांडवलेणी_रोज
मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. ५१ किलो आहेस, तब्येत ठणठणीत आहे, शिफ्ट करतोस. मावशी काय म्हणाल्या म्हणून अंग का वाढवायचं? आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं पदक घेतलं. तिला कोणी विचारलं का, खाल्लेलं जातं कुठे? सकाळी सहाला पांडवलेणीच्या पायऱ्या चढ, महिनाभरात दम वाढेल, पैसे शून्य.

सेकंड_शिफ्ट
@पांडवलेणी_रोज, दमाचा प्रश्न नाहीये. कंपनीत २० लिटरचा पाण्याचा जार मशीनवर उलटा करायचा असला की मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर जातो. मावशी दुय्यम आहेत.

बारखाली
मग झालं की. जार उचलायला पायऱ्या चढून जमणार नाही.

काकांच्या जोर-बैठकांबद्दलही तेच. पहिले दोनतीन महिने त्याने नक्की फरक पडतो, नवख्याचं अंग कशानेही हलतं. पण चाळीस जोर यायला लागले की पुढचे चाळीस मुख्यतः दम वाढवतात. ताकद आणि स्नायू हवे तर भार वाढत जायला हवा. या आठवड्यात २० किलो, पुढच्या आठवड्यात साडेबावीस. हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. तालमीत मुदगल, गदा, करेला कशाला होते? पाठीवर जोडीदार घेऊन बैठका कशाला मारायचे? वजन वाढवायलाच ना. जिममध्ये तेच अडीच अडीच किलोने वाढवता येतं, जोडीदार जाड व्हायची वाट बघावी लागत नाही.

नवीन माणसाने आठवड्यातून तीन दिवस जावं, एकाआड एक. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच, रो (वाकून बार पोटाकडे ओढणं), डोक्यावर प्रेस, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं). यातले तीनेक व्यायाम एका दिवसाला, प्रत्येकी तीन सेट म्हणजे फेऱ्या, एका सेटमध्ये तीच हालचाल आठ ते दहा वेळा. पाऊण तासात बाहेर. पहिल्या महिन्यात बारवरचं वजन भराभर वाढलेलं दिसेल, पण आरशात काही दिसणार नाही, कारण तेव्हा मेंदू आणि नसा शिकत असतात. इथेच लोक कंटाळून सोडतात. आणि हो, तुझ्याकडे जिममध्ये कोणी बघत नसतं. प्रत्येकजण स्वतःच्या दंडाकडे बघत असतो.

गंगापूररोडवाली
"कोणी बघत नसतं" हे वाक्य फक्त पुरुष लिहू शकतो.

मी ४४ किलोची होते. वजनांच्या कोपऱ्यात गेले की दोन प्रकारचे लोक यायचे: एक बघणारे आणि एक न विचारता शिकवणारे. "मॅडम, तुम्ही ट्रेडमिल करा ना." त्यामुळे धागाकर्त्याला जे वाटलं ते मनाचे खेळ नाहीत. बघतात लोक.

पण त्याचं उत्तर घरी बसणं नाही, इथे मी बारखालीच्या बाजूने. माझ्या बाबतीत दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे वही. शंभर पानी, शाळेतली. घरून निघतानाच लिहिलेलं असायचं: आज काय, किती किलो, किती सेट. जिममध्ये शिरल्यावर कुठे उभं राहायचं हे माहीत असलं की माणूस भांबावलेला दिसत नाही, आणि भांबावलेला दिसला नाही की शिकवणारे येत नाहीत. दुसरी गोष्ट वेळ. संध्याकाळी सात ते नऊ म्हणजे कॉलेज रोडचा सिग्नल. दुपारी बारा ते चार भूत पण नसतं. शिफ्टवाल्याला तर ही चैन आहे.

अडीच किलोच्या डंबेलांनी सुरुवात केली होती. दीड वर्ष झालं, आता ४० किलोचा स्क्वॉट करते. वजन ४९. कोणी विचारलं नाही, पण सांगितलं.

लालमाती
ताई, ४०चा स्क्वॉट म्हणजे कौतुकच. वहीचं पण पटलं. आमचे वस्ताद भिंतीवर कोळशाने रेघा मारायचे.

तर्रीवाला
दोन्ही पक्ष खाण्याबद्दल गप्प आहेत. रविवारी व्यायाम झाला की मिसळ, एवढं कुणीतरी लिहा.

गणिती
मिसळीआधी थोडा हिशेब. धागाकर्ता शेवटी घरचा डबा खाणारा माणूस आहे, तालमीत जावो नाहीतर जिममध्ये, प्रश्न ताटाचाच आहे. "मी खूप खातो पण अंगाला लागत नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तीन दिवस, प्रामाणिकपणे, चहासकट सगळं लिहून काढावं. माझ्या धाकट्या भावाने काढलं. फर्स्ट शिफ्टला चहा-खारी, डबा अर्धा परत, रात्री मात्र सहा पोळ्या. त्याच्या लक्षात फक्त त्या सहा पोळ्या होत्या.

स्नायू वाढवायचे तर दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरतात. ५१ किलोला म्हणजे ८२ ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दुधात १६, दोन वाट्या घट्ट वरणात १२, सहा पोळ्यांत मिळून १८, मूठभर शेंगदाण्यांत ८. हे झाले ५४. उरलेल्यासाठी कोरडे ५० ग्रॅम सोयाबीनचे चंक्स, त्यात २६. आले ८०, आणि अजून अंड्याला हात लावलेला नाही. अंडी चालत असतील तर एका अंड्याला ६ ग्रॅम.

त्याशिवाय सध्या जेवढं खातोस त्याच्या वर ३०० ते ५०० कॅलरी. दुधात दोन केळी कुस्करून वर शेंगदाण्याचा लाडू खाल्लास की जवळपास तेवढ्या होतात. महिन्याला एक किलो वाढला तरी उत्तम. गेनरच्या डब्यात निम्म्याहून जास्त स्वस्त पिष्टमय पावडर असते, ती आपल्याकडे भात या नावाने मिळते.

सेकंड_शिफ्ट
घरात अंडं शिजत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, श्रावण संपू दे, मग बोलू. ते "मग बोलू" मी ओळखतो. चंक्स मात्र तिने काल रस्सा भाजीत टाकले आणि बाबांना सांगितलंच नाही. त्यांनी दोनदा वाढून घेतले.

पण माझा मुद्दा राहतोच. खाणं-पिणं घरीच होणार ना? मग व्यायाम पण घरी सुरू केला तर बिघडलं काय?

डॉक्टर_पण_इथे_नाही
इथे कुणाला तपासत नाही, फक्त दोन गोष्टी लिहून जातो.

दहावीपासून वजन तसंच असेल, भूक-झोप नीट असेल, तर बहुतेक वेळा बांधा आणि अपुरं खाणं. पण वजन *कमी होत* असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, किंवा खूप तहान आणि सारखी लघवी असेल, तर जोर आणि बार दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासणी. टीबी, थायरॉईड, साखर, तिन्हींची तोंडओळख अनेकदा "हल्ली बारीक झालास" अशीच होते.

दुसरं. सहा महिन्यांत रिझल्ट नाही म्हणून कुणी कानात इंजेक्शनचं नाव सांगेल. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अंडकोष आक्रसतात, शुक्राणू घटतात, हृदयावरचा ताण वेगळाच. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मूल होत नाही म्हणून आलेली अशी जोडपी मी पाहिली आहेत, आणि नवरा ही गोष्ट बायको बाहेर गेल्यावर सांगतो.

क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) वेगळं. निरोगी माणसाला रोज ३ ते ५ ग्रॅम सहसा चालतं, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. सुरुवातीला थोडं वजन वाढतं ते स्नायूंतल्या पाण्याचं, लगेच फुल शर्ट दान करू नका.

बारखाली
@सेकंड_शिफ्ट, बिघडलं काही नाही. पण तू खरं उत्तर दे. सात आठवडे तू घरी होतास. किती दिवस जोर काढलेस?

सेकंड_शिफ्ट
चार.

बारखाली
आठवड्याला?

सेकंड_शिफ्ट
एकूण.

गंगापूररोडवाली
त्याला टोचू नका रे. जिममध्येही तो चारच दिवस गेला होता, हिशेब बरोबरीचा आहे.

पांडवलेणी_रोज
पायऱ्या अजूनही तिथेच आहेत, एवढंच सांगतो.

सेकंड_शिफ्ट
बारा दिवसांनी लिहितोय. या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी साडेअकराला गेलो. आत पाच जण, त्यातला एक मॅटवर झोपलेला. वही नेली होती. ट्रेनरने विचारलं, "पीटी लावली का?" वही दाखवली, तो गेला. स्क्वॉट रिकाम्या बारने, तीन सेट, आठ-आठ. दुसऱ्या सेटनंतर एक धिप्पाड माणूस आला. मला वाटलं, आता उठवणार. तो म्हणाला, "मधे मधे मारू का?" म्हणजे माझ्या विश्रांतीत त्याचा सेट. मग प्रत्येक वेळी त्याच्या प्लेटा आम्ही दोघांनी मिळून चढवल्या-उतरवल्या, आळीपाळीने, एक डावी एक उजवी. कोपऱ्यातला आरसा धुळीने इतका माखलेला होता की काही दिसलंच नाही.

माझं मूळ मत अजून पूर्ण बदललेलं नाही. संध्याकाळी सातला मी आजही जाणार नाही.

लालमाती
बार उचललास, बरं झालं. जोर किती येतात आता?

सेकंड_शिफ्ट
नऊ.

लालमाती
आणि दहावा?

सेकंड_शिफ्ट
खाली गेलो काका. वर आलो नाही.

लालमाती
रविवारी सहाला ये. शर्ट फुल घातलास तरी चालेल.